नेपल्सला निघणाऱ्यांसाठी चार शब्द
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गोहलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त जी व्याख्याने योजिली आहेत त्यांत इतिहासावर बोलणारे आहेत, संगीतावर बोलणारे आहेत. आमच्या वाट्यास प्रवास आला आणि तोही कार्यकारिणीने ‘उपयोगी पडेल असे सांगा’ अशी प्रेमळ अट घालून. तेव्हा प्रवासवर्णनाचा मोह आवरून, इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स या सागरकाठच्या शहरी आपल्यापैकी कोणी जाऊ इच्छील तर त्याने काय जाणून असावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आम्ही म्हणजे गोहलपुरातील दोन बिऱ्हाडांतील सहा माणसे. २०२४ चा दसरा येथे साजरा करून निघालो आणि वसुबारसेच्या आत घरी परतलो. निघण्यापूर्वी ज्याला त्याला आमची निवड चमत्कारिक वाटली. सहलकंपन्यांची वाट ठरलेली असते. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, व्हेनिस, आणि फार तर रोमहून सकाळी निघून पाँपेईचे भग्नावशेष पाहून रात्री परत. नेपल्स शहराला वळसाच घालतात. तेथे घाण आहे, चोर आहेत, वाहने अंगावर येतात, असे सांगितले जाते. यांतील एकही गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. परंतु ज्यांनी सणासुदीच्या दिवसांत बडा फुहारा सायंकाळी सहा वाजता ओलांडला आहे त्यांना या कारणांनी भिववणे कठीण.

आम्हांस तेथे जाण्याची कारणे दोन होती. पहिले म्हणजे आमच्यातील एका घरच्या आजी. वय वर्षे एक्याऐंशी. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातील. मराठा पलटणीतून १९४३ साली इटलीच्या आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. आजी तेव्हा पाळण्यात होत्या. पुढे लग्न होऊन त्या जबलपुरास आल्या, यजमानांची नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत गेली, नातवंडे झाली. वडिलांचा म्हणून घरात केवळ एक कागद होता. नातीने तो कागद पाहून युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या यादीत शोध घेतला तेव्हा कळले की, ते नाव नेपल्स आणि रोम यांच्या दरम्यान असलेल्या कॅसिनो या गावच्या स्मारकावर कोरलेले आहे. दुसरे कारण हस्तिदंताचे आहे. त्याकडे आम्ही ओघाने येऊ.

प्रथम कागदपत्रे. इटलीसाठी शेंगेन परवाना लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. परंतु उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावे. निदान तीस हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे. वृद्धांचा विमा उतरवताना जुन्या दुखण्यांविषयीची बारीक अक्षरांतील कलमे वाचावीत. पारपत्र परतीच्या दिनांकानंतर तीन महिने वैध हवे. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या विमानतळावर रांगेत वेळ जाईल असे धरूनच पुढील गाडी ठरवावी.

जबलपुराहून जाणाऱ्याने दिल्ली वा मुंबई गाठून रोम, आणि रोमच्या टर्मिनी स्थानकावरून जलद आगगाडीने नेपल्स, हा मार्ग आम्हांस सोयीचा वाटला. सव्वादोनशे किलोमीटर अंतर सव्वा तासाच्या आसपास कापले जाते. तिकीट आधी काढल्यास पुष्कळच स्वस्त पडते. आपण रेल्वेच्या गावचे लोक, म्हणून जाता जाता सांगतो: इटलीतील पहिली आगगाडी १८३९ साली याच नेपल्सहून शेजारच्या पोर्टिचीपर्यंत धावली, आपल्या मुंबई-ठाणे गाडीच्या चौदा वर्षे आधी. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईहून आलेला व कलकत्त्याहून आलेला असे दोन लोहमार्ग आपल्या जबलपुरात जोडले गेले. तेव्हापासून कित्येक दशके पूर्व आणि पश्चिम यांच्या दळणवळणात आपल्या स्थानकाचा आणि इटलीच्या दक्षिणेकडील बंदरांचा वाटा होता. विमाने आली आणि दोघांचेही ते महत्त्व सरले.

ऋतू कोणता निवडावा, तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टचे ऊन आपल्याला नवे नाही, पण पाँपेईत सावली नाही, आणि ऑगस्टच्या पंधरा तारखेच्या आगेमागे सारे शहर सुट्टीवर जाते. दुकाने, खानावळी बंद. ऑक्टोबरात पाऊस येतो, छत्री न्यावी. आमच्या मुक्कामात कोजागरी आली. सोळा ऑक्टोबरच्या रात्री खाडीवर चांदणे पडले होते आणि व्हेसुव्हियसचा दुहेरी माथा स्पष्ट दिसत होता. बिऱ्हाडी परतून केशराचे दूध आटवले. म्हणून आमचा आग्रह असा की, हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. मात्र उद्वाहन आहे किंवा नाही हे आधी विचारावे. जुन्या शहरात पाच-पाच मजले चढणारे दगडी जिने आहेत.

आता शहराविषयी. नेपल्स हे ग्रीक लोकांनी वसवलेले गाव. ‘निआपोलिस’, म्हणजे नवे नगर; हे नवेपण अडीच हजार वर्षांचे आहे. ग्रीकांनी आखलेले तीन समांतर रस्ते आजही जुन्या शहराचा कणा आहेत. त्यांतील दक्षिणेकडच्या रस्त्याला ‘स्पाक्कानापोली’, नेपल्स दुभंगणारा, असे नाव पडले आहे. टेकडीवरून पाहिले तर घरांच्या गर्दीत कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी ती सरळ रेघ दिसते. गल्लीत उतरावे तो या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर धुणे. वरच्या मजल्यावरून टोपली खाली सोडून भाजी वर ओढून घेण्याची रीत अजूनही दिसते. ज्यांचे बालपण गिरगावातील चाळीत गेले त्यांना तेथे उगाच घरच्यासारखे वाटते. गोहलपुरात वाढलेल्या आमच्या मुलांना तर या गल्ल्यांत हिंडण्यासाठी नकाशाही लागला नाही. अरुंद बोळातून दुचाकी येत असली की अंग चोरून भिंतीस टेकायचे, हे शिक्षण त्यांचे येथेच पुरे झाले होते.

रस्ता ओलांडण्याचे शास्त्र तेवढे सांगून ठेवतो. वाहन थांबेल म्हणून उभे राहाल तर संध्याकाळपर्यंत उभे राहाल. वाहनचालकाच्या डोळ्यांकडे पाहून, एका चालीने, न थबकता आणि न धावता पुढे जावे. तो तुमच्या गतीचा अंदाज घेऊन वळसा घालतो. मध्येच थांबणे सर्वांत धोक्याचे.

चोरीविषयी लोक आम्हांस सर्वांत अधिक विचारतात. खिसेकापू आहेत. ते मुख्य स्थानकासमोरच्या गॅरिबाल्डी चौकात, बसगाड्यांत, आणि विशेषतः पाँपेईकडे जाणाऱ्या ‘चिर्कुमवेझुव्हियाना’ या खचाखच भरलेल्या स्थानिक गाडीत सापडतात. पारपत्र बिऱ्हाडी ठेवून त्याची प्रत बाळगावी. पैसे दोन ठिकाणी विभागावेत. खांद्यावरची पिशवी रस्त्याच्या बाजूस नव्हे, भिंतीच्या बाजूस असावी, कारण स्कूटरवरून हिसका मारून पळणारेही असतात. आणि मातृशक्तीस हात जोडून विनंती की, मंगळसूत्र व पाटल्या जबलपुरातच राहू द्याव्यात. टॅक्सीत बसण्यापूर्वी ठरावीक मार्गांचे ठरावीक भाडे, ज्याला ते ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ म्हणतात, ते मागावे. हा शब्द उच्चारला की चालकाच्या मुद्रेत फरक पडतो. स्थानिक आगगाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात ठसा उमटवूनच गाडीत चढावे, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. कोणत्याही संकटसमयी दूरध्वनी क्रमांक ११२.

भोजनाचा प्रश्न आपल्या शाकाहारी मंडळींना छळतो. वास्तविक नेपल्ससारखे सुखाचे शहर त्यांना युरोपात विरळा. पिझ्झा येथलाच. पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवी वारशात स्थान दिले. १८८९ मध्ये मार्गेरिता राणीच्या सन्मानार्थ टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीची पाने घालून तिरंगी पिझ्झा केला गेला, ही कथा तेथे जो तो सांगतो; इतिहासकार ती मान हलवून ऐकतात. ज्यांना चीज चालत नाही, कारण पुष्कळ जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते, त्यांनी ‘मारिनारा’ मागवावा. नावात समुद्र असला तरी त्यात मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचे तेल, बस्स. वांग्यांच्या चकत्यांची थरावर थर रचून केलेली ‘पार्मिजाना’, शेवयांसारख्या पास्त्यात बटाटा किंवा राजमा घालून केलेली घट्टसर आमटी, आणि ‘फ्रियारिएल्ली’ नावाची कडसर पालेभाजी, जी लसूण-मिरचीच्या फोडणीत परतलेली असते आणि जिने आजींना आपल्याकडच्या मोहरीच्या पाल्याची आठवण झाली. बटाट्याचे तळलेले ‘क्रोक्के’ दिसायला आपल्या वड्याच्या कुळातले. पण त्यात अंडे असते, हे ध्यानी ठेवावे. कित्येक पाव आणि खारे पदार्थ डुकराच्या चरबीत मळतात, तळलेल्या पिझ्झ्याच्या पोटातही मांस असू शकते. म्हणून ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा स्त्रुत्तो’, म्हणजे मांसाविना, माशाविना, चरबीविना, हे तीन शब्द पाठ करून जावे. आजींनी ते रामरक्षेसारखे पाठ केले होते. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या खानावळवाल्या बाई त्यांना पाहताच ते स्वतःच म्हणून दाखवीत आणि हसत.

वरणभातावाचून ज्यांचे पान हलत नाही त्यांच्यासाठी बातमी शुभ आहे. नेपल्समध्ये श्रीलंकेतून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या दुकानांत तांदूळ, मसूर, नारळ, कढीपत्ता, हिरवी मिरची, सारे मिळते. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक रक्कम लागते, ती टेबलावर बसल्याची; त्यावरून वाद घालू नये. कॉफी मात्र उभ्याने, गल्ल्यापाशी घ्यावी. तीच कॉफी बसून घेतली तर महाग पडते. येथे एक रीत आहे, ‘काफ्फे सोस्पेझो’. स्वतः एक कॉफी प्यावी आणि दोहोंचे पैसे देऊन जावे. दुसरी कॉफी मागाहून येणाऱ्या कोणा गरजू अनोळखी माणसाच्या नावे शिल्लक राहते. देणारा घेणाऱ्यास पाहत नाही. पाणपोईची आपली कल्पना याहून निराळी ती काय?

दर्शनीय स्थळांची जंत्री पुस्तकांत मिळेल. आम्ही आमच्या आवडीची तीन-चार सांगतो. सान सेव्हेरोच्या प्रार्थनागृहात जुझेप्पे सानमार्तिनो या शिल्पकाराने १७५३ मध्ये घडवलेली मृत ख्रिस्ताची मूर्ती आहे. तिच्यावर पातळ वस्त्र पांघरलेले दिसते आणि वस्त्राखालून कपाळाची शीर दिसते. सारे एकाच संगमरवराचे. भेडाघाटचा संगमरवर डोळ्यांनी पाहत वाढलेल्या माणसाने ही मूर्ती पाहिल्यावर दगडाविषयीचे आपले मत पुन्हा एकदा तपासावे लागते. तिकीट काही आठवडे आधी काढावे, तेथे जाऊन मिळेलच असे नाही. सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही गल्ली मातीच्या बाहुल्यांची. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्यासाठी लागणारी माणसे, गुरे, भाजीवाले, कोळी, तेथे बाराही महिने घडवतात, आणि त्यांत चालू राजकारणी आणि फुटबॉलचे खेळाडूही सामील असतात. पेणचे गणपती आणि आपल्या मंडळांचे देखावे यांचे हे चुलत घराणे समजावे. मुलांनी तेथून माराडोनाची बाहुली आणली. १९८४ ते १९९१ या काळात तो नेपल्सच्या संघाकडून खेळला, १९८७ व १९९० चे विजेतेपद त्याने मिळवून दिले. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २०२३ मध्ये, आणि पुन्हा २०२५ मध्ये संघ जिंकला, पण भिंतीभिंतींवर चित्र त्याचेच. कोजागरीस आपण येथे खेळतो तो तंबोलाही नेपल्सच्याच ‘तोंबोला’चा वंशज आहे, हे कळल्यावर आमच्या भगिनीमंडळास केवढी धन्यता वाटली!

देवळांत जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत असा दंडक आहे. साडीहून सोयीचे वस्त्र नाही.

आता पाँपेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने गाडलेले हे नगर. उद्रेकाची तिथी परंपरेने २४ ऑगस्ट मानीत. २०१८ साली भिंतीवर कोळशाने लिहिलेला एक दिनांक सापडला, तेव्हापासून ऑक्टोबरकडे कल झुकला आहे. तेथील रस्ते काळ्या लाव्ह्याच्या फरशांचे आहेत आणि त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या खोल उमटल्या आहेत. आपण सारेच काळ्या पाषाणाच्या मुलखातील. सह्याद्रीपासून निघालेला तो थर थेट आपल्या जबलपूरच्या परिसरापर्यंत पोचतो आणि त्याखालच्या लमेटा खडकांत कॅप्टन स्लीमनला १८२८ मध्ये महाकाय सरड्यांची हाडे याच शहरी सापडली. तेव्हा लाव्हा म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. फक्त आपल्या खाली तो थंड आहे आणि त्यांच्याखाली नाही. व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मधला. शहराच्या पश्चिमेस पोत्सुओली गावाखालची जमीन तर गेली अनेक वर्षे इंचाइंचाने वर उचलली जात आहे आणि मे २०२४ तसेच मार्च २०२५ मध्ये तेथे चांगलेच धक्के बसले. २२ मे १९९७ ची पहाट ज्यांनी येथे अनुभवली आहे त्यांच्यापैकी कोणी धास्तावत असेल तर त्याने त्या बाजूस मुक्काम करू नये. शहराच्या मध्यभागी राहावे.

पाँपेई प्रचंड आहे. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजारांहून अधिक लोकांना प्रवेश नाही आणि तिकिटावर नाव असते, म्हणून तिकीट आधी काढून ओळखपत्र जवळ ठेवावे. गुडघेदुखीच्या मंडळींनी त्याऐवजी हर्क्युलेनियम पाहावे. ते लहान आहे आणि तेथे लाकडी तुळयासुद्धा कोळसा होऊन टिकल्या आहेत. आजींना आम्ही तेथेच नेले.

परंतु पाँपेईचे खरे धन नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. तेथे जाऊन आमच्या दुसऱ्या कारणाचा ठाव घेतला. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात उत्खनन चालू असता सुमारे वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात माळा, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कमरेस मेखला, दोन्ही बाजूंस दासी. ही मूर्ती भारतीय, यात कोणास शंका नव्हती. ‘पाँपेईची लक्ष्मी’ असे नाव पडले. आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. माथ्याच्या मागे छिद्र आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा चौरंगाचा पाय असावी. प्रथम ती मथुरेकडची समजत. परंतु मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन येथे अगदी तिच्याच कुळातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या. भोकरदनचे उत्खनन १९७३ मध्ये डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी केले. तेव्हापासून, ही बाई सातवाहनांच्या महाराष्ट्रातून निघाली असावी, हे मत बळावले. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून वाद अद्याप मिटलेला नाही. पण तेर म्हणजे ग्रीक खलाशाच्या जुन्या प्रवासवृत्तातील ‘तगर’, हे निर्विवाद. त्याच व्यापाराचे उलट टोक पाहायचे असेल तर कोल्हापुरास जावे. ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४० च्या दशकात रोमन कांस्यवस्तूंबरोबर पोसायडन या समुद्रदेवाची चिमुकली मूर्ती सापडली. ती तेथील संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या दूर, पंचगंगेच्या काठी तो देव काय करीत बसला असेल! आणि आपणही नर्मदेच्या काठी मराठी बोलत बसलोच आहोत.

एक सूचना द्यावयाची ती थोडी संकोचाची. ही मूर्ती ज्या ‘गुप्त दालनात’ ठेवली आहे तेथे पाँपेईतील शृंगारिक वस्तू मांडलेल्या आहेत. लहान मुलांना बाहेर कोणाजवळ ठेवावे. आजींना आम्ही आडून आडून कल्पना दिली, त्या म्हणाल्या, “खजुराहो आपल्याच प्रांतात आहे ना?” आणि पुढे झाल्या. मूर्तीसमोर मात्र बराच वेळ उभ्या होत्या. त्या बांगड्या मोजीत होत्या. दालन कधीकधी बंद असते, मूर्तीही प्रदर्शनासाठी परदेशी जाते, तेव्हा तिकीट घेताना चौकशी करावी.

कॅसिनोसाठी एक संपूर्ण दिवस राखावा. नेपल्सहून कॅसेर्ताच्या वाटेने जाणारी साधी गाडी घ्यावी लागते, रोमच्या बहुतेक जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. स्थानकावरून युद्धस्मशानापर्यंत टॅक्सी करावी आणि परतीची वेळ त्याच चालकाशी ठरवून घ्यावी, कारण तेथे उभ्या उभ्या वाहन मिळत नाही. ८ वी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये टारांटो बंदरी उतरली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. तिसरी पलटण पुढे १० व्या डिव्हिजनबरोबर आली. फेब्रुवारी-मार्च १९४४ मध्ये कॅसिनोच्या मठाखालच्या उतारांवर ४ थी भारतीय डिव्हिजन झुंजत होती, तेव्हाच दक्षिणेस व्हेसुव्हियस पेटला होता. मे महिन्यात ८ वी डिव्हिजन गारी नदी ओलांडून गेली. १० जुलै १९४४ रोजी उत्तरेस तायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे यांच्या स्मरणार्थ मोंतोने गावी २०२३ मध्ये छायाघटिकेच्या रूपाने स्मारक उभारले गेले. इटलीच्या भूमीवर पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक पडले. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी ओळ नाही, कारण ते परक्यांच्या झेंड्याखाली लढले. आम्हांस हे कारण पुरेसे वाटत नाही.

स्मशानभूमी अत्यंत स्वच्छ आहे. मागे डोंगर आणि डोंगरावर पुन्हा बांधलेला मठ. मधोमध उंच संगमरवरी शिळा आणि त्यांवर ज्यांच्या कबरी वा अस्थी ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे पलटणवार कोरलेली. प्रवेशाशी नोंदवही असते, तिच्यावरून शिळेचा क्रमांक काढता येतो. नातीने नाव शोधले. ते हाताच्या टप्प्याहून थोडे वर होते. आजींना रोमन लिपी वाचता येत नाही. त्यांनी नातीस एकेक अक्षर दाखवून उच्चारावयास सांगितले, मग छत्रीचे टोक त्या अक्षरांखालून फिरवीत नेले आणि विचारले, “गावाचे नाव कुठे आहे?” शिळेवर गाव नसते. नोंदवहीत होते, इंग्रजी वळणाने पार वाकडे झालेले, पण तेच होते. ते वाचून दाखवल्यावर त्या प्रथमच खाली बसल्या. ग्वारीघाटाहून नर्मदेचे पाणी एका लहान बाटलीतून नेले होते ते त्यांनी शिळेच्या पायथ्याच्या गवतावर वाहिले. (विमानात हातातील सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही, असे पाणी सोपवण्याच्या पेटीत, दोन पिशव्यांत गुंडाळून द्यावे.) शेजारी गवत कापीत असलेल्या माळ्याने यंत्र बंद केले आणि टोपी काढून बाजूस उभा राहिला. त्यास आम्ही काही सांगितले नव्हते.

परतीच्या गाडीत आजी फारसे बोलल्या नाहीत. नेपल्सच्या स्थानकावर उतरताना त्यांनी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापाशी आम्हांस थांबवले आणि सात कॉफ्यांचे पैसे देण्यास सांगितले. आम्ही सहा होतो.

मंडळींनो, आपल्या शहरात पलटणीत, तोफखान्यात, दारूगोळ्याच्या कारखान्यात चाकरी केलेली घरे पुष्कळ आहेत. आपल्यापैकी कोणाचे आजे-पणजे, मामा-चुलते त्या युद्धात गेले आणि परतले नसतील तर त्यांचे पूर्ण नाव, शिपाई क्रमांक ठाऊक असल्यास तो, पलटण, गाव आणि अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून आमच्याकडे द्यावे. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून पाहावे लागते. आडनाव न सापडल्यास वडिलांच्या नावाने किंवा गावावरून शोधता येते. नातीने हे काम पत्करले आहे. या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा ती मंडळाच्या वाचनालयात बसेल. कागदावर मराठीतच लिहावे.